निळ्याला एक खाच

“अगं, इकडे ये. सगळं निळं झालंय.”

“काय सांडलंत?” बायकोने दुकानामागच्या खोलीतून विचारलं. रंगाच्या दुकानात तीस वर्षं काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

“सांडलं नाही. यादी निळी झालीये. सगळीच्या सगळी.”

ती ओले हात पुसत आली आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघायला लागली. म्हणजे बघितल्यासारखं केलं. यादीच्या वेळेला ती पडद्याकडे नीट बघत नाही, पडद्याच्या कडेला बघते.

ही यादी सरकारी आहे. सापडलेल्या पण ओळख न पटलेल्या माणसांची. काही इस्पितळात असतात, काही निवाऱ्यात, बरीचशी शवागारात. एका ओळीत एक माणूस: नोंदीचा आकडा, पुरुष की बाई, अंदाजे वय. ओळीवर टिचकी मारली की फोटो उघडतो. माझा धाकटा भाऊ घरातून गेला त्याला बावीस महिने झाले. तेव्हापासून रोज सकाळी पावणेनऊला अर्धं शटर वर करून मी बिलाच्या कॉम्प्युटरवर आधी ही यादी उघडतो. न बघितलेली ओळ निळी असायची, बघितलेली जांभळी व्हायची. रोज तीन-चार निळ्या निघायच्या. त्या बघायच्या, भाऊ नाही म्हणायचं, सुटकेचा श्वास टाकायचा, मग सुटका वाटली म्हणून स्वतःवरच चिडायचं आणि उरलेलं शटर वर करायचं. असा नेम.

जांभळ्याचे माझ्यावर फार उपकार होते. जांभळं म्हणजे हा चेहरा बघून झाला, पुन्हा बघायची गरज नाही.

आणि आज तेराशे बारा ओळी निळ्या.

“मग नव्या आलेल्या तेवढ्या बघा,” बायको म्हणाली.

“नव्या कुठल्या ते कळायला नको? यादी तारखेने लावलेली नाही, ठाण्यांप्रमाणे लावलीये. नवी ओळ मधेच कुठेही घुसते.”

“मग बघा पुन्हा सगळ्या.”

“तू बघतेस?”

तिने पडद्याकडे पाठ केली. पहिल्या आठवड्यात तिने एकच फोटो बघितला होता. त्यानंतर दोन दिवस तिच्या तोंडात घास गेला नाही. तिला असं विचारणं बरोबर नव्हतं, पण सकाळी पावणेनऊला मी बरोबर वागत नाही.

मी वरपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. पाचवा निघाला तो अर्धवट मिटल्या डोळ्यांचा म्हातारा. पहिल्या थंडीत बघितला होता. त्यानंतर महिनाभर मी दिवा बंद करून झोपलो नव्हतो. त्याला पुन्हा समोर बघितल्यावर मी उठलोच. रंग ढवळायची काठी हातात घेतली, गल्ल्यावर आपटत बसलो, मग फळीवरचे डबे उगाच पुढे ओढले, मागे सारले.

“शटर वर तरी करा, नाहीतर खाली तरी ओढा,” बायको म्हणाली. “मधेच काय लोंबकळतंय ते.”

मी बाहेर येऊन शटर खाली ओढलं. शेडकार्ड, म्हणजे रंगांच्या छटांचं दुमडीचं पुस्तक, काखेत मारलं आणि त्या यादीच्या कचेरीकडे निघालो. रंगाचा प्रश्न असेल तर शेडकार्डाशिवाय मला बोलता येत नाही.

आता थोडं स्वतःबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. मी शिकलेला नाही, पण नजर माझी पक्की. भिंतीचा टवका आणून द्या, त्यात काय किती घातलंय ते मी उन्हात धरून सांगतो. पांढऱ्याच्या अकरा छटा मला वेगळ्या दिसतात. याचा मला गर्व आहे, आणि गर्वाचं घर खाली हे मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असणं निराळं.

धाकटा माझ्या हाताखाली तेरा वर्षं होता. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आई गेल्यावर माझ्या बायकोनेच त्याला वाढवला. छटा मी ठरवायचो आणि चिठ्ठीवर लिहून द्यायचो: निळा इतका, काळा इतका. तो त्याप्रमाणे पांढऱ्यात घट्ट रंग मिसळायचा. घट्ट रंग आम्ही मोठ्या पिंपातून छोट्या डब्यांत काढून ठेवतो. त्या डब्यांना लेबलं नसतात, ओघळांखाली महिन्याभरात बुजतात. झाकण उघडायचं, बघायचं, घ्यायचं. डोळे असले की झालं.

त्याला एक वाईट खोड होती. डब्यांच्या झाकणांवर खिळ्याने ओरखडे काढायचा. मी कितीदा बोललो. “दादा, सवय आहे,” म्हणायचा आणि हसायचा. शेवटी मी डझनभर नवी कोरी झाकणं आणली आणि सगळ्या डब्यांना बसवून घेतली.

त्याच दिवशी एका दवाखान्याचा रंग होता. फिकट निळा. धाकट्याने मिसळला, रंगाऱ्याने नेला, आतली सबंध भिंत ओढून झाली. संध्याकाळी डॉक्टरीणबाई दुकानात आल्या त्या तावातावाने. भिंत जांभळी झाली होती. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, दोन रंगारी होते, बायको होती. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, “डोळे आहेत की बटणं?”

तो म्हणाला, “दादा, मला दोन्ही सारखेच वाटले.”

मला वाटलं, उलट बोलतोय. मग मला चेव चढला. तेरा वर्षं फुकट पोसला म्हणालो. आंधळ्यालाही कळलं असतं म्हणालो. आणखी काय काय म्हणालो ते बायकोला पाठ आहे, पण ती कधी म्हणून दाखवत नाही. त्याने हातातली काठी पुसून जागेवर ठेवली, नळाखाली हात धुतले आणि बाहेर गेला. अडतीस वर्षांचा बाप्या, रागावून कुठे जाईल, जेवायच्या वेळेला येईल, असं आम्हाला वाटलं.

कचेरीत खालच्या माणसाने मला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. तिथल्या माणसाने विचारलं, “यादीत काही चूक आहे का?” मी म्हटलं, “चूक नाही, रंग गेलाय.” त्याने माझ्याकडे, मग काखेतल्या शेडकार्डाकडे बघितलं आणि मला तिसऱ्यावर पाठवलं. तिथे एका कोपऱ्यात दोन टेबलं होती. एकावर चष्मा लावलेली पंचविशीतली मुलगी, दुसऱ्यावर दाढीवाला तरुण, कानात वायरी घालून बसलेला.

“यादीचं पान तुम्ही करता?” मी विचारलं.

“मीच करते. बसा ना, काका.”

“बसत नाही. जांभळं का काढलंत?”

तिने चष्मा वर सरकवला. “म्हणजे बघून झालेल्या लिंकचा रंग? तुमच्या लक्षात आलं?”

“तेराशे बारा माणसं पुन्हा जिवंत केलीत तुम्ही,” मी म्हणालो. “म्हणजे जिवंत नाही. पुन्हा मेलेली केलीत. मी एकेकाला बघून जांभळा केला होता. आता सगळे परत रांगेत उभे आहेत.”

आवाज चढला असावा, कारण दाढीवाल्याने कानातल्या वायरी काढल्या.

मुलगी रागावली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली आणि मी बसलो. “तुमचं कोण हरवलंय?” तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, “वरच्या साहेबांना पानावर दोन रंग नको होते. डोळ्यांना खुपतात म्हणाले. एकच निळा ठेवा, नीटनेटकं दिसतं. मी भांडले होते. सांगितलं की पानावर आलेल्या माणसाला तीन गोष्टी दिसायला पाहिजेत. कुठे जाऊन आलो, आत्ता कुठे आहे, कुठे जायचं राहिलंय.”

“आत्ता कुठे आहे?”

तिने कीबोर्डवरची एक कळ दाबली. यादीतल्या एका ओळीभोवती ठळक चौकट उमटली. पुन्हा दाबली तशी चौकट खालच्या ओळीवर गेली. “ही चौकट. तीसुद्धा काढा म्हणत होते. ती मी काढू दिली नाही. ज्यांना माउस धरता येत नाही ते याच्यावरच चालतात.”

“आणि मी कुठल्या ओळी बघितल्यात ते तुम्हाला इथे कळतं?” मला एकदम लाजल्यासारखं झालं. रोज सकाळी मी काय करतो ते कुणी तिसऱ्या मजल्यावरून बघतंय की काय.

“अजिबात नाही. ते तुमच्या कॉम्प्युटरलाच माहीत असतं. आमच्या पानाला ब्राउझर ते कळूच देत नाही. माणूस कुठे कुठे जाऊन आला ते परक्याला का कळावं? म्हणून आम्हाला फक्त रंग बदलता येतो. बरोबरची खूण करायची म्हटली तरी करता येत नाही.”

“मग रंग परत द्या.”

“देईन. साहेबांची सही घेईन, आठ दिवस लागतील. तुमचं बघून झालेलं पुसलं गेलेलं नाही, नुसतं दिसत नाहीये. पण काका, जांभळा नाही देणार. जांभळ्यावर माझं आणि साहेबांचं एकमत आहे, फक्त कारणं वेगळी.”

मी शेडकार्ड उघडलं. हा तर माझा धंदा. “जांभळ्याने काय घोडं मारलंय? हे बघा, निळा आणि हा त्याच्या शेजारचा. आंधळ्यालाही कळेल.”

तिने दाढीवाल्याकडे बघितलं. तो हसला, खुर्ची सरकवून आला आणि शेडकार्डावर वाकला.

“यात जांभळा कुठला?” तिने त्याला विचारलं.

त्याने बराच वेळ बघितलं. मग एका चौकोनावर बोट ठेवलं. तो निळा होता, सरळसोट निळा, आम्ही शाळांच्या दारांना देतो तो.

“चेष्टा करताय,” मी म्हणालो.

“नाही हो, काका. मला हे दोन्ही सारखेच वाटतात.”

दुकानातला पंखा बंद पडला की जशी एकदम शांतता होते तशी माझ्या डोक्यात झाली. तो पुढे काय काय सांगत होता. जन्मापासून असंच. पुष्कळ पुरुषांना असतं. जांभळ्यात लाल असतो, तो त्याला दिसतच नाही, मग उरतो निळा. दिसायला सगळं दिसतं, चष्म्याचा नंबर नाही, काही नाही. म्हणून बरेचदा घरीही कुणाच्या लक्षात येत नाही.

“तुमच्या घरी?” मी विचारलं.

“आईला मी नोकरीला लागल्यावर कळलं. शाळेत मी रंगीत खडूंवर नखाने खुणा करून ठेवायचो. निळ्याला एक, जांभळ्याला दोन. खडू कुणी बदलले की बोंब.”

मी उठलो. मुलीने मला विचारलं, या शेडकार्डातले दोन रंग सुचवाल का, तुम्हाला आणि याला, दोघांनाही वेगळे दिसतील असे. मी सुचवले. हात आपोआप चालत होता. न बघितलेल्याला गडद निळा, बघितलेल्याला विटकरीच्या जवळचा फिका तपकिरी. “एक गडद, एक फिका ठेवा,” मी म्हणालो. “गडद-फिकं सगळ्यांना कळतं ना?” दाढीवाल्याने मान डोलावली. “हे लगेच दिसतं,” तो म्हणाला. शेडकार्ड मी तिथेच विसरलो. तिने जिन्यापर्यंत धावत येऊन हातात दिलं.

परत येताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका हातगाडीला धडकलो, गाडीवाल्याने विचारलं, “काका, दिसत नाही का?” मी त्याला हो म्हणालो.

दुकानात आलो तर बायकोने शटर वर केलं होतं आणि एका बाईला ब्रश दाखवत होती. मी गल्ल्याखाली वाकलो. जुनी झाकणं मी टाकली नव्हती, मी काहीच टाकत नाही. थिनर ओतून ब्रश बुडवायला बरी पडतील म्हणून खोक्यात ठेवली होती. खोकं जमिनीवर पालथं केलं.

“काय शोधताय?” गिऱ्हाईक गेल्यावर तिने विचारलं.

मी एक झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला वाळलेला निळा. सुलटं केलं. वर एक खाच. दुसरं उलटं केलं. आत जांभळा. वर दोन खाचा. हिरव्याला तीन, तांबड्याला आडवी रेघ, तपकिरीला फुली. बाराच्या बारा. ओरखडे म्हणे. पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या त्या खाचा, सगळ्या कडेपासून सारख्या अंतरावर, झाकण हातात घेतलं की अंगठ्याला लागतील अशा.

मी तिला सांगितलं. कचेरीतला दाढीवाला, खडू, निळा, जांभळा.  ती उभ्यानेच ऐकत होती.

“तेरा वर्षं,” ती म्हणाली. “तेरा वर्षं तुमच्याजवळ रंग कालवत होते.”

“माझ्याजवळ. आणि माझी नजर पक्की.”

“बोलले का नाहीत भाऊजी?”

“बोलला की. तुझ्यासमोरच बोलला. मला दोन्ही सारखेच वाटले म्हणाला.” एवढं म्हटल्यावर मला रडू आलं. भर दुपारी, शटर पूर्ण वर, रस्त्यावरून लोक जातायत. येऊ दिलं.

तिने मला गप्प केलं नाही. खाली बसली आणि झाकणं एकेक करून उचलायला लागली. “नवी झाकणं तुम्ही आणलीत,” ती म्हणाली, “पण ठोकून बसवली मी. सकाळी भाऊजी दूध आणायला गेले होते. म्हटलं, येईपर्यंत चकाचक करून ठेवू. आल्यावर फळीकडे बघत उभे राहिले. मी विचारलं, कसं दिसतंय? छान दिसतंय म्हणाले, वहिनी.”

कॉम्प्युटर सकाळपासून चालूच होता. मी यादीतून बाहेर आलो आणि दुसरं पान उघडलं, हरवलेल्यांचं. त्यात त्याची नोंद मीच केलेली. उंची, रंग सावळा, अंगात चौकडीचा शर्ट. त्याखाली ‘ओळखीची कायमची खूण’ असा रकाना. बावीस महिन्यांपूर्वी मी ठाण्यावर सांगितलं होतं, नखांत रंग असतो. तिथला लिहिणारा म्हणाला, ते धुतलं की जातं, कायमचं काही सांगा. मी आठवून बघितलं आणि म्हणालो, तसं काही नाही. म्हणून त्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं.

कळ दाबत दाबत मी तिथपर्यंत आलो. रकान्याभोवती ती ठळक चौकट उमटली. ‘नाही’ पुसलं. मग एका बोटाने लिहायला लागलो. बायको मागून वाचत होती. या वेळेला पडद्याकडे नीट बघत होती.

“‘निळा आणि जांभळा रंग वेगळे दिसत नाहीत,’” तिने मोठ्याने वाचलं. “पुढे लिहा, डब्यांवर खुणा करण्याची सवय.”

मी लिहिलं. नोंद सुधारली, असं पडद्यावर आलं. त्याने काय होणार? कुठल्या तरी निवाऱ्यात कुणी त्याला दोन कपडे दाखवून यातला जांभळा कुठला म्हणून विचारणार आहे का? मला माहीत आहे, नाही विचारणार. पण ‘नाही’ हे खोटं होतं, ते गेलं.

तोवर तिने फळीवरचे बारा डबे गल्ल्यावर मांडले होते आणि नवी झाकणं उचकटायला घेतली होती. मी काही विचारलं नाही. लाकडी हातोडी शोधून तिला दिली. आत बघून मी रंग सांगायचो, ती खाचा मोजून झाकण द्यायची, मी बसवायचो, ती कडेकडेने ठोकायची. एक गिऱ्हाईक आलं, त्याला थांबायला सांगितलं.

जांभळ्याचं झाकण खोक्यात बाकीच्यांवर घासून घासून गुळगुळीत झालं होतं. दोनातली एक खाच अंगठ्याला लागतच नव्हती. मी खिशातून खिळा काढला आणि त्याच जागेवर, कडेपासून तेवढंच अंतर ठेवून, पुन्हा ओढली.